सुट्या प्रकरणांच्या मॅडम

मॅडमनी मला पुस्तक कधीच दिलं नाही. त्या प्रकरण द्यायच्या. एकच प्रकरण, पातळ पुठ्ठ्यात घातलेलं, वरून सुती नाड्यानं बांधलेलं. ते वाचून परत न्यायचं, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, मग पुढचं मिळायचं. उत्तरं आली नाहीत तर तेच प्रकरण पुन्हा हातात. चहा दोन्ही वेळा व्हायचा, पण नापास झालेल्याला सोबत बिस्किटंही मिळायची. "त्याला जास्त गरज असते," म्हणायच्या.

विषय व्हॉल्व्हचा. जुन्या रेडिओत काचेच्या नळ्या असत, तापल्या की आतून नारिंगी दिसणाऱ्या, त्यांचा. ट्रान्झिस्टर आल्यावर त्या मागे पडल्या आणि हळूहळू अभ्यासक्रमातूनही गेल्या. मॅडम एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाल्या होत्या. नागपुरातल्या इंदोऱ्यात, त्यांच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र हा विषय अजून चालू होता. बाहेरच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यासमोर रोजचं ताजं फूल, आणि बाकी तिन्ही भिंतींना पुठ्ठ्यातली प्रकरणं. अख्खं पुस्तक शोधून सापडत नसे.

मी त्यांच्यापर्यंत पोचलो तो वडिलांच्या रेडिओमुळे. वडील कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला लागले तेव्हा त्यांनी एक वापरलेला व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला होता. क्वार्टर सोडून आम्ही शहरात आलो तेव्हा तोही आला आणि माळ्यावर गेला. एका दिवाळीच्या आवराआवरीत तो खाली आला. वडील त्याच्यावरची धूळ पुसत बराच वेळ बसले. मी म्हटलं, मी दुरुस्त करतो. ते म्हणाले, "दुकानात दे." दुकानं शोधली. सीताबर्डीत एक सापडलं, पण तिथं आता मोबाइलच्या काचा बदलून मिळत होत्या.

मी मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. न येणारी गोष्ट शोधून शिकणं हेच आमचं काम, त्यामुळे वाटलं, दोन रविवारांत जमेल. जमलं नाही. माहिती नव्हती असं नाही, माहितीचा ढीग होता. स्कॅन केलेली जुनी इंग्रजी पुस्तकं होती, ती दुसऱ्या पानापासून गणितात शिरायची. परदेशातले हौशी लोक एका चर्चेच्या जागी अमुक कंपनीच्या व्हॉल्व्हचा आवाज गोड की तमुक कंपनीच्या, यावर वर्षानुवर्षं भांडत होते. बर्डीच्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याला विचारलं तर त्यानं स्पर्धा परीक्षांच्या ढिगाआडून मान काढून विचारलं, "ट्यूबलाइटचं पाह्यजे का?" सुरुवात कुठून करायची आणि विश्वास कोणावर ठेवायचा, एवढंच मला कोणी सांगत नव्हतं.

मग एक व्हिडिओ सापडला. आपल्याच बोलीत बोलणारा एक तरुण, समोर उघडा रेडिओ. "घाबराचं काही काम नाही. हा जो खालचा पत्रा आहे, चेसी म्हणते याले, याच्यात करंट नसते. हात लावून पाहा बिनधास्त." हे सांगताना त्यानं स्वतः पत्र्यावर हात ठेवला होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला समजेल असं बोलत होतं. मी रेडिओ जेवणाच्या टेबलावर घेतला, मागचा पुठ्ठा काढला, चालू केला आणि पत्र्याला हात लावला. फरशी नुकतीच पुसलेली, पाय अनवाणी.

कुणी खांद्याला धरून मागं ओढावं तसा मी खुर्चीसकट पडलो. हातापासून पायापर्यंत काहीतरी सरकन गेलेलं आठवतं, आणि मग बायकोचा पांढराफटक चेहरा. वडील दारात उभे होते. आयुष्य वीज केंद्रात गेलेला माणूस. त्यांनी आधी भिंतीवरचं बटण बंद केलं, मग म्हणाले, "चप्पल काहून नाही घातली?"

संध्याकाळी बायकोनं रेडिओ उचलून दाराशी नेऊन ठेवला. मग म्हणाली, "शिकाचंच असंन तर नीट शिका. आमच्या मॅडम आहेत अजून. डिप्लोमाला त्यांनीच शिकवलं आम्हाले. त्यांच्याकडे जाऊन या. नाहीतर तो डबा मी भंगारवाल्याले देऊन टाकीन."

मॅडम सत्तरीच्या पुढच्या. बुटक्या, सडपातळ, जाड भिंगांचा चष्मा, सुती साडी. दार उघडलं तेव्हा त्यांचा डावा हात कमरेला खोचलेल्या पदरात होता. मला वाटलं, हाताला काही लागलं असेल. नंतर कळलं, तो हात तिथंच असतो. उघड्या रेडिओत काम करताना एकच हात आत घालायचा, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात, छातीतून जात नाही, हा त्यांचा नियम. तो पाळता पाळता सवय अशी जडली, की भाजी घेताना आणि लग्नात अक्षता टाकतानाही डावा हात पदरातच. पोळ्या लाटण्यापुरता तेवढा बाहेर यायचा.

त्या शिकवल्यासारखं शुद्ध, तोलून-मापून बोलत. विद्यार्थिनीचा नवरा म्हणून मला त्यांनी पहिल्या भेटीतच जावई करून टाकलं.

"जावई, झटका कुठून कुठे गेला?"

"उजव्या हातातून पायात, बहुतेक."

"डावा हात कुठे होता?"

"आठवत नाही."

"पुढच्या वेळी आठवला पाहिजे," त्या म्हणाल्या आणि मला पहिलं प्रकरण दिलं. ते पुस्तकातलं पहिलं प्रकरण नव्हतं. घरातली वीज रेडिओत कशी शिरते आणि रेडिओ तिचं काय करतो, त्याचं होतं. पुस्तकात ते शेवटून दुसरं.

मी म्हटलं, "व्हॉल्व्ह म्हणजे काय, ते आधी वाचू का?"

"जिवंत राहिलात तर वाचालच," त्या म्हणाल्या.

पुढे लक्षात आलं, कुठलंही पुस्तक त्या याच प्रकरणावरून पारखत. जो लेखक माणसाला मारू शकणाऱ्या भागाबद्दल नीट, सावकाश, कंटाळा न करता लिहितो, तो बाकीचंही नीट लिहितो, असं त्यांचं मत. तिथं ज्यानं "योग्य ती काळजी घ्यावी" एवढ्यावर भागवलं, त्याचं पुस्तक त्या मिटत. "कोणती काळजी? ते सांगायलाच तर तुम्हाला बसवलं होतं," असं त्या लेखक समोर असल्यासारखं बोलत.

त्यांच्या आवडीची पुस्तकं म्हणजे पूर्वी कुठल्या कुठल्या देशांच्या सैन्यानं नव्या भरतीच्या जवानांसाठी काढलेली. मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, "दिवसभर कवायत करून दमलेल्या, घरची आठवण येणाऱ्या, गणितात कच्च्या पोराला उद्यापर्यंत रेडिओ समजला पाहिजे, हे डोक्यात ठेवून लिहिली आहेत ती. हुशारी दाखवायला त्यात जागाच नाही." त्यानंतर व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रकं. "कंपनीचा कागद खोटं बोलत नाही, फक्त पुष्कळ ठिकाणी गप्प बसतो. कुठे गप्प बसला, ते ओळखायला शिका."

इंटरनेटचा त्यांना राग नव्हता. भाचीनं दिलेल्या टॅबवर त्या खूप पाहत. पण व्हिडिओ लावला की पहिल्यांदा आवाज बंद करायच्या. "तोंड कोणाचंही चालतं. हात बघायचे." एका परदेशी गृहस्थाचा, लाखो चाहते असलेला व्हिडिओ त्यांनी मिनिटभर पाहून बंद केला. तो मोजणीच्या यंत्राची टोकं दोन हातांत धरून उघड्या रेडिओत घालत होता. मग एका म्हाताऱ्याचा लावला, कुठल्या भाषेत बोलत होता देव जाणे. तो वायर कापण्याआधी बोटानं तिच्यावरून शेवटपर्यंत जाऊन यायचा, कुठून आली, कुठं गेली. मॅडमनी तो पूर्ण पाहिला, पुन्हा आवाज बंद ठेवूनच. "याच्याकडून शिकावं," म्हणाल्या.

पुस्तकं फाडण्याची गोष्ट मात्र मला पटत नव्हती.

एकदा कामानिमित्त हैदराबादला गेलो होतो. तिथल्या जुन्या बाजारात व्हॉल्व्हवरचं एक सुंदर पुस्तक मिळालं. कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं, आतल्या आकृत्या तांब्याच्या पत्र्यावर कोरल्यासारख्या. मी ते मोठ्या हौसेनं मॅडमना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा वर करून शेवटची प्रकरणं वाचली, मान डोलावली, "उत्तम आहे," म्हणाल्या, आणि आत जाऊन सुरी आणली. डावा हात त्या दिवशी पदरातून बाहेर आला, पुस्तक धरायला. पाठीवरचं कापड त्यांनी सफाईनं उसवलं, आतले धागे कापले, प्रकरणं वेगळी केली. सोनेरी अक्षरांचा पुठ्ठा बाजूला पडला. माझ्याच्यानं राहवलं नाही.

"मॅडम, इतकं चांगलं पुस्तक."

"चांगलं आहे म्हणूनच."

त्यांनी नाडे कापून प्रकरणं बांधली आणि मग, जणू मी विचारलंच होतं, अशा स्वरात सांगू लागल्या.

त्या शिकत होत्या तेव्हा वर्गात त्या एकट्या मुलगी. व्हॉल्व्हवरचं एकच धड पुस्तक ग्रंथालयात होतं. ते वर्षाच्या सुरुवातीलाच एका मुलानं नेलं. मुदत संपली की त्याच्या मित्राच्या नावावर जायचं, मग दुसऱ्या मित्राच्या. वर्षभर ते त्या चौघांच्या खोलीवरच राहिलं. ह्या एकदा मागायला गेल्या. एका आठवड्यासाठी द्या, म्हणाल्या. तो हसून म्हणाला, "तुले काय कराचं एवढं वाचून? तुमची नोकरी तर पक्कीच आहे."

"मी घरी येऊन बाबांना सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "बाबा मिलमध्ये होते. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी दोन गोष्टी ठरवल्या होत्या, मुलं शिकतील आणि कुणापुढे वाकणार नाहीत. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, त्याच्याकडं आहे ते एक पुस्तक आहे. जगात एकच नसंन ना."

जगात एकच नव्हतं, पण नागपुरात तेव्हा एकच होतं. त्यांनी प्रयोगशाळेतले मोडीत काढलेले रेडिओ संध्याकाळी उघडून पाहायची परवानगी मागितली. एका शिक्षकानं दिली. त्या वायरीवरून बोट फिरवत शिकल्या. परीक्षेत त्या मुलापेक्षा मागेच राहिल्या, हेही त्यांनी सांगितलं. "पुस्तकानं फरक पडतो, जावई. पडत नाही म्हणणाऱ्यांकडे पुस्तक असतं."

मग त्यांनी त्या ढिगाकडं बोट दाखवलं. "हे पुस्तक अख्खं दिलं असतं, तर तुम्ही घरी नेऊन कपाटात ठेवलं असतं. आता अजनीचे एक रेल्वेतले निवृत्त गृहस्थ पहिलं प्रकरण नेतील, सायन्स कॉलेजची एक मुलगी तिसरं नेईल, तुम्ही सहावं न्या. एकाच वेळी सगळे वाचतील. कोणी बसून राहणार नाही त्याच्यावर."

मी सहावं घेऊन निघालो. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "वर्गात कधी बोलल्या नाही हे." बराच वेळ ती भांडी पुसत राहिली.

रेडिओ पुढे दुरुस्त झाला. त्यात फार काही बिघडलं नव्हतं, वीज साठवणारे दोन डबे वाळले होते आणि एक व्हॉल्व्ह गेला होता. वडिलांनी तो लावला, मध्ये मध्ये खरखर, मग कुठलंसं हिंदी केंद्र. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "आवाज जड आहे," आणि आपला मोबाइल शोधायला गेले. खरं सांगायचं तर तोवर मलाही रेडिओपेक्षा शनिवारच्या त्या चहाची ओढ लागली होती.

एका शनिवारी मॅडमनी सहज विचारलं, तुम्हाला झटका बसला तो कोणाचा व्हिडिओ पाहून. मी लावून दिला. आवाज बंद. त्या तरुणाचे हात पडद्यावर फिरत होते. मॅडम टॅब डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिल्या. पुन्हा सुरुवातीपासून पाहिला.

"हात चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "फार चांगले आहेत."

मग आवाज सुरू केला. तो पत्र्याला हात लावायला सांगतो, तिथं थांबवला. "त्याच्या रेडिओला आत ट्रान्सफॉर्मर आहे. म्हणून त्याचा पत्रा सुरक्षित. तुमच्याला नव्हता. तशा स्वस्त रेडिओंमध्ये भिंतीतली एक तार सरळ पत्र्याला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग एका बाजूनं लावला तर काही होत नाही. उलटा लावला, की पत्र्यात वीज. त्याला हे माहीतच नाही. कोणीतरी मरेल. कदाचित तोच."

मी सांगितलं, मी व्हिडिओखाली झटक्याबद्दल लिहिलं होतं. त्याच्या चाहत्यांनी मलाच भित्रा ठरवलं. त्याच्याकडून उत्तर नाही.

"राहतो कुठे?"

ते मला माहीत नव्हतं. पण मॅडमनी पुन्हा व्हिडिओ लावला, या वेळी पाठीमागचं पाहायला. खिडकीबाहेर ट्रकची रांग, एका गोडाऊनची निळी पाटी, तिच्यावरचं अर्धंच दिसणारं नाव. "ही तर वाडी. गोडाऊनं सगळी तिथेच," मॅडम म्हणाल्या. "चला."

"आत्ता?"

"तुमची गाडी खाली आहे ना?"

असे आम्ही माझ्या स्कूटरवर अमरावती रोडनं वाडीला गेलो. मॅडम मागं एका बाजूला पाय टाकून बसलेल्या, मांडीवर पिशवी. ट्रक बाजूनं गेले की मला भीती वाटायची. त्यांना वाटत नसावी, कारण त्या मोठ्यानं ट्रकांचे नंबर वाचत होत्या, कोणता कुठल्या राज्याचा. निळी पाटी सापडायला फार वेळ लागला नाही. गोडाऊनच्या मागं भाड्याच्या खोल्यांची चाळ होती. चहावाल्याला विचारलं, तर म्हणाला, "रेडिओवाला का? वरच्या मजल्यावर, शेवटची खोली."

दार त्यानंच उघडलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा, यवतमाळकडचा. गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्याची नोंद ठेवायचं काम. खोलीत लोखंडी पलंग, लोखंडी टेबल, आणि सगळीकडं रेडिओ. म्हातारी बाई आणि एक पोट सुटलेला माणूस पाहून त्याला आम्ही कुणी चाहते वाटलो असू. त्यानं आम्हाला पलंगावर बसवलं. मॅडमनी शांतपणे, शुद्ध मराठीत सगळं समजावलं. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मग कडक झाला.

"मॅडम, इतक्या लोकायनं पाह्यला. कोणाले काही झालं नाही."

"ह्यांना झालं," मॅडमनी माझ्याकडं बोट केलं.

"यायनं काही दुसरं केलं असंन."

"नाही. तू सांगितलं तेच केलं."

"मंग यायचा रेडिओ खराब असंन." त्यानं टेबलावरच्या एका रेडिओवर थाप मारली. एकानं दुरुस्तीला पाठवलेला, मागचा पुठ्ठा काढून तयार ठेवलेला. "हा कालच आला. आज याच्यावरच व्हिडिओ करून राहिलो. लावू का हात? तुमच्या समोर लावतो."

त्यानं प्लग भिंतीत घातला आणि हात पुढं केला.

"थांब," मॅडम म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. पण नंतर जे त्या बोलल्या ते वेगळ्याच भाषेत. "येडा आहेस का गा? हात मांगं घे. टेस्टर दे इकडं मले. अन् तू पलंगाले टेकू नको, लोखंडाचा आहे."

त्यानं हात मागं घेतला. कदाचित ते शब्द ऐकूनच. त्याच्या आईनं हाक मारावी तसे होते ते. टेस्टर त्यानं दिला. मॅडमनी डावा हात पदरात घट्ट खोचला आणि टेस्टरचं टोक पत्र्याला टेकवलं. दिवा लागला नाही.

"पाहा," तो म्हणाला.

"आता प्लग काढ, अन् उलटा लाव."

त्यानं उलटा लावला. मॅडमनी पुन्हा टोक टेकवलं. टेस्टरच्या मुठीतला छोटा दिवा लागला. दिवसाउजेडीही नीट दिसत होता.

तो पाहत राहिला. मग त्यानं स्वतः टेस्टर घेऊन लावून पाहिला. मग प्लग पुन्हा पालटून. मग परत. शेवटी प्लग काढून त्यानं वायर टेबलावर ठेवली आणि खाली फरशीवर बसला. खाली ट्रक मागं घेताना कोणीतरी ओरडत होतं, "आने दे, आने दे."

"मले कोणी सांगतलंच नाही," तो म्हणाला.

"म्हणून तर आलो," मॅडम म्हणाल्या. पुन्हा शुद्ध मराठीत, पण हळू.

तो दहावीनंतर आयटीआयला गेला होता, तिथं व्हॉल्व्ह नव्हतेच. मग इंग्रजी व्हिडिओ पाहून, निम्मं समजून, निम्मं अंदाजानं शिकला. मराठीत काही सापडेना म्हणून स्वतःच सांगायला लागला. मॅडमनी तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितला, तेव्हा तो तयार होईना. तोच व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता, त्याच्यामुळेच लोक त्याला ओळखत होते. "तो काढला तर मंग राहिलं काय माह्याजवळ," तो म्हणाला.

मला वाटलं, मॅडम आता चिडतील. त्यांनी पिशवीतून विजेचं प्रकरण काढलं, इंग्रजीच होतं, समासात त्यांच्या अक्षरात मराठी अर्थ लिहिलेलं, आणि त्याच्या हातात दिलं. "वाच. मग तूच ठरव. प्रश्न विचारीन मी." आणि आम्ही निघालो. परतताना त्यांनी एकाही ट्रकचा नंबर वाचला नाही.

आठवड्याभरात तो व्हिडिओ गेला. त्याच्या जागी एक छोटा आला. त्यात तो टेबलाशी ताठ बसून सांगत होता, मी चुकीचं सांगितलं होतं, असं असं आहे, आधी टेस्टर लावा, प्लग पालटून पुन्हा लावा. चाहत्यांपैकी बरेच चिडले, काही सोडून गेले. पण एकानं खाली लिहिलं, आत्ता लावून पाहिला, दिवा लागला, घरात लहान पोरगी आहे. मी ते मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी टॅब घेऊन स्वतः वाचलं आणि उठून चहाचं आधण ठेवलं.

पुढच्या रविवारी तो प्रकरण घेऊन वाडीहून इंदोऱ्याला आला. तीन प्रश्न चुकला, बिस्किटं खाल्ली. मग येत राहिला. मॅडम गेल्या वर्षी भाचीकडं भंडाऱ्याला राहायला गेल्या, प्रकरणं सगळी त्याच्या खोलीत आली. आता तोच वाटतो, तोच प्रश्न विचारतो. मीही माझी प्रकरणं तिथूनच नेतो.

पण मला सांगायचं आहे ते मॅडम जाण्याआधीच्या एका सकाळचं.

त्याच्या मनात होतं, मॅडमनी व्हॉल्व्ह शिकवावं आणि त्यानं ते व्हिडिओत घ्यावं, पहिल्यापासून, क्रमानं, मराठीत. मॅडम नाही नाही म्हणत शेवटी तयार झाल्या, चेहरा दाखवायचा नाही या अटीवर. वाडीची खोली झाडूनपुसून ठेवली होती. मोबाइल तीन पायांवर, समोर एक व्हॉल्व्ह, मॅडमचा उजवा हात, आणि बाजूला मी, खिडकी लावायला. मॅडम सुरू झाल्या. "निर्वात नलिकेतील ऋणाग्र तापवले असता त्यातून इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन होते." एक शब्द चुकला नाही. त्यानं मान डोलावली, पण थांबवलं. दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. तो डोकं खाजवत उभा राहिला.

"मॅडम, रागावणार नाही ना?"

"बोल."

"तुम्ही त्या दिवशी माह्यावर चिडल्या, तशा बोला ना."

मॅडमनी उजवा हात टेबलावरून मागं घेतला. मग म्हणाल्या, "ते शिकवणं नव्हतं."

"मले तर तेवढंच समजलं होतं," तो म्हणाला.

त्या खिडकीकडं पाहत बसल्या. नोकरीला लागल्या त्या वर्षी त्यांनी वर्गात एकदा "काहून" म्हटलं होतं, तर मागचा बाक हसला होता, हे त्यांनी आम्हाला सांगितलं. तेव्हापासून घरून निघताना त्या जिभेला कुलूप लावून निघत. सांगून झाल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह थोडा पुढं सरकवला.

"घे," म्हणाल्या. "पाहा, हे मधात जे तार आहे ना, ते तापलं का त्याच्यातून बारीक बारीक कण उडते. दिसत नाही आपल्याले. हा बाहेरचा पत्रा त्यायले खेचते. अन् दोघायच्या मधात ही जाळी. आता कालव्यावरचं दार पाह्यलं आहे ना तुम्ही? दार उचलाले जोर लागत नाही, लहान पोरगं उचलते. पण दार बोटभर उचललं का वावरात केवढं पाणी जाते. पाणी काही त्या पोराचं नाही, पाणी धरणाचं आहे. पोरानं फक्त दार हलवलं. तशी ही जाळी. रेडिओत येणारा आवाज इतकासाक, तो फक्त दार हलवते…"

त्या थांबल्याच नाहीत. उजवा हात हवेत कालवा काढत होता, दार उचलत होता. मधेच डावाही पदरातून निघाला आणि वावर दाखवू लागला, त्यांना कळलंही नाही. खाली ट्रकनं हॉर्न वाजवला तर त्या मोबाइलकडंच पाहून म्हणाल्या, "थांबा जरा, जाऊ द्या त्याले," आणि पुढं चालू. मी आयुष्यात वाचलेलं सगळं त्या सकाळी पहिल्यांदा एका जागी येऊन बसलं.

संपल्यावर तो मोबाइल बंद करायचा विसरला. आम्ही तिघं खाली चहाला गेलो. गोडाऊनच्या सावलीत फळकुटावर बसून मॅडमनी कप दोन्ही हातांत धरला आणि त्याच्याकडं न पाहता म्हणाल्या, "किती पोरं गेले असंन माह्या हाताखालून. साऱ्यायले परक्याच भाषेत शिकवलं गा मी."

तो म्हणाला, "उद्या दुसरं प्रकरण घेऊ, मॅडम."

"उद्या काहून?" त्या म्हणाल्या. "चहा पी, अन् वर चाल."